कावीळ उतरली, पण होती कुठली?

निरोगी माणसाचं रक्त ट्यूबमध्ये घेऊन यंत्रात फिरवलं की लाल पेशी तळाला बसतात आणि वर फिकट, वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी राहतं. त्याला सीरम म्हणतात. कावीळ झालेल्या माणसाचं सीरम हळद कालवल्यासारखं दिसतं. बेळगावातल्या लॅबमध्ये हे पाहण्यात माझी बावीस वर्षं गेली. पाऊस लागला की खानापूर, हुक्केरी, निपाणीकडून येणाऱ्या अशा पिवळ्या ट्यूबा वाढतात. त्यातल्या कितीतरी माणसांच्या गळ्यात काड्यांची माळ असते, नाहीतर मनगटावर डागाचा ताजा व्रण असतो. म्हणजे लॅबची पायरी चढण्याआधी ती कुठेतरी कावीळ उतरवून आलेली असतात.

माझ्या थोरल्या मामांची कावीळ अशी तीनदा उतरवली. तिन्ही वेळा डोळे पांढरे झाले, भूक लागली, मामा शेतावर गेले. चौथ्या वेळी पोट फुगलं, पायावर सूज आली. तेव्हा पहिल्यांदा रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस बी निघाला. तो कित्येक वर्षं अंगात होता. मधूनमधून उसळायचा आणि आपोआप शांत व्हायचा. शांत झाला की श्रेय माळेला जायचं. यकृत तोवर दगडासारखं झालं होतं. मामा त्या वर्षी दिवाळी पाहू शकले नाहीत. मी नुकताच लॅबमध्ये कामाला लागलो होतो. त्यांच्या मनगटावरचे तीन डाग मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण त्यांचं रक्त तपासावं असं मलाही सुचलं नव्हतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी हे समजून घ्या

कावीळ हे लक्षण आहे. रक्तातलं बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य वाढलं की डोळे आणि कातडी पिवळी दिसते. दर १०० मिलिलिटर रक्तात ते साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असतं, दोन-अडीचच्या वर गेलं की डोळ्यांत दिसू लागतं. यकृताला सूज आली तर ते वाढतं, आणि या सुजेलाच हिपॅटायटिस किंवा यकृतदाह म्हणतात. पण पित्ताच्या नळीत खडा अडकला, रक्तपेशी भराभर फुटल्या, मलेरिया झाला, भाताच्या खाचरात काम करताना लेप्टोस्पायरोसिसची लागण झाली, तरी डोळे पिवळे होतात. उलट हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्या अनेकांना वर्षानुवर्षं कावीळ होतच नाही. पिवळेपणा गेला म्हणजे आजार गेला हा समज म्हणूनच घातक आहे.

विषाणूंचे पाच प्रकार ध्यानात ठेवायचे: ए, बी, सी, डी, ई. त्यांचे दोन गट पडतात. ए आणि ई पोटातून येतात. म्हणजे माणसाच्या विष्ठेतला विषाणू पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. बी, सी आणि डी रक्तातून येतात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही होतो. डी एकटा होऊ शकत नाही, ज्याला बी आहे त्यालाच तो होतो. आपल्याकडे तो कमी आढळतो, त्यामुळे इथे त्याच्यावर अधिक लिहीत नाही.

ए आणि ई बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातात. औषध दिलं तरी जातात, न दिलं तरी जातात. कावीळ उतरवणाऱ्यांचं सगळं नाव याच दोघांवर उभं आहे.

पहिला दिवस: घरी काय पाहायचं

डोळे दिवसाच्या उजेडात पाहा. ट्यूबलाइटच्या किंवा पिवळ्या बल्बच्या उजेडात फसायला होतं. वरची पापणी उचलून रुग्णाला खाली बघायला सांगा, तिथला पांढरा भाग खरं सांगतो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली आहे का ते विचारा. डोळे पिवळे होण्याच्या दोन-तीन दिवस आधीच ती गडद होते. शौचाचा रंगही पाहा. ती मातीसारखी पांढुरकी आणि अंगाला सारखी खाज असेल तर पित्ताची वाट अडल्याची शंका घ्यायची, मग सोनोग्राफी लागते.

ए किंवा ईची सुरुवात बहुधा तापाने होते. अंग मोडून येतं, अन्नाचा वास नकोसा होतो, उलटी होते, उजव्या बरगडीखाली जड वाटतं. विडी ओढणाऱ्याला विडीसुद्धा नको होते. मग ताप उतरतो आणि कावीळ दिसते.

खालीलपैकी काहीही दिसलं तर मात्र घरी थांबू नका, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या: रुग्ण असंबद्ध बोलतो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, हात पुढे धरले की पंजे फडफडतात, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं, शौच डांबरासारखी काळी होते, उलट्या थांबत नाहीत, पोट फुगतं. आणि रुग्ण गरोदर असेल तर यातलं काहीही नसलं तरी लगेच न्या. हिपॅटायटिस ई एरवी साधा आजार आहे, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झालेल्या दर चार-पाच बायकांमागे एकीचा जीव जाऊ शकतो. सासरी-माहेरी कोणी कितीही सांगो, गरोदर बाईला माळ घालून घरी बसवू नका.

जन्मून दोन आठवडे झाले तरी बाळाची कावीळ गेली नसेल आणि त्याची शी पांढरी होत असेल तर तेही तातडीचंच. पित्तनलिका जन्मतः बंद असेल तर शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तरच चांगला उपयोग होतो.

दुसरी पायरी: कुठल्या तपासण्या

आमच्याकडे येऊन माणसं म्हणतात, “कावीळ बघा की हो.” मी बिलिरुबिन करून देतो, ६ किंवा ८ येतं, माणूस कागद घेऊन जातो. त्या एका आकड्यावरून कावीळ किती आहे ते कळतं, कुठली आहे ते कळत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाऊन या तपासण्यांबद्दल विचारा.

लिव्हर फंक्शन टेस्ट. यात बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि अल्ब्युमिन येतं. एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की बाहेर पडणारं द्रव्य, एसजीओटीही तसंच. विषाणूच्या नव्या हल्ल्यात ते शेकड्यांत, कधी हजारांत जातं. दारूच्या यकृतदाहात एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त असतं आणि दोन्ही आकडे सहसा तीन-चारशेच्या आतच राहतात. हे प्रमाण दिसलं की डॉक्टर दारूबद्दल विचारतात. तेव्हा गावठी असो, काजूच्या हंगामात गोव्याकडून आणलेला हुर्राक असो, खरं सांगा. डॉक्टर ते तुम्हाला ओरडण्यासाठी विचारत नाहीत, त्यावर उपचार ठरतो.

प्रोथ्रोम्बिन टाइम आणि आयएनआर. ही तपासणी बरेच जण टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. रक्त गोठवणारी द्रव्यं यकृत तयार करतं. ते थकलं की रक्त गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर चढतो. बिलिरुबिन २० असून आयएनआर १.१ असेल तर माणूस बहुधा सावरतो. बिलिरुबिन १० आणि आयएनआर २ असेल तर त्याला दाखल करायला हवं. घरच्यांचं सगळं लक्ष पिवळेपणावर असतं, डॉक्टरांचं या आकड्यावर.

विषाणूंच्या तपासण्या. एसाठी आयजीएम अँटी-एचएव्ही, ईसाठी आयजीएम अँटी-एचईव्ही, बीसाठी एचबीएसएजी, सीसाठी अँटी-एचसीव्ही. या चारांवरून गट कळतो. पैशाची अडचण असेल तर निदान एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही सोडू नका, कारण जे दोन आयुष्यभर अंगात राहू शकतात ते हेच.

त्याबरोबर सोनोग्राफी आणि डॉक्टरांना वाटलं तर मलेरिया, लेप्टोची तपासणी. क्षयाची औषधं चालू असतील तर ती पुडी डॉक्टरांना दाखवाच. त्या औषधांनीही कावीळ होते आणि तेव्हा ती त्याच दिवशी थांबवावी लागतात. काढे, चूर्णं, व्यायामशाळेतल्या पावडरी, सगळं सांगा. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे पिऊन यकृताला सूज आल्याची प्रकरणं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी असं नसतं.

आणखी एक. पाठोपाठच्या तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, आणि प्रत्येक रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आपल्याकडचा रुग्ण आज बेळगावात, पुढच्या आठवड्यात मुलीकडे कोल्हापुरात, नाहीतर जावयाकडे गोव्यात असतो. जुना कागद नसला की प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात होते.

ए किंवा ई निघाला तर

या दोघांना मारणारं औषध नेहमीच्या रुग्णाला लागत नाही. यकृत स्वतःच सावरतं. आपण त्याच्या वाटेत आडवं यायचं नाही, एवढंच. विश्रांती, पुरेसं पाणी, थोडंथोडं खाणं, दारू पूर्ण बंद, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नाही. तापाची पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच घ्यायची, जास्त झाली तर ती यकृतालाच मारते.

आपल्याकडचं पथ्य रुग्णाला उपाशी मारतं. तेल बंद, तूप बंद, मीठ बंद, हळद बंद, कारण हळद पिवळी. महिनाभर नुसती पेज आणि मुरमुरे खाऊन माणूस वाळतो आणि मग “काविळीनं पार खाल्लं बघा” असं म्हणतात. फोडणीतल्या हळदीचा आणि डोळ्यांच्या पिवळेपणाचा संबंध नाही. मळमळ असते तोवर तेलकट नको वाटतं, तेव्हा जबरदस्ती करू नका. पण भूक लागेल तसा वरण-भात, भाकरी, भाजी, ताक, अंडं, फळं सगळं चालतं. सकाळी भूक जास्त लागते, मोठं जेवण तेव्हा द्या. उसाच्या रसाने कावीळ बरी होत नाही. घाणेरड्या बर्फातला गाड्यावरचा रस मात्र नव्या माणसाला कावीळ देऊ शकतो.

बिलिरुबिन उतरायला चार-सहा आठवडे लागतात, काहींना त्याहून अधिक. एसजीपीटी आधी उतरतं, डोळ्यांचा पिवळेपणा मागून जातो. घाबरायचं नाही. दर आठवड्याला रक्त तपासून आकडे खाली येताहेत ना, आयएनआर जागच्या जागी आहे ना, एवढं पाहायचं.

घरच्यांनी हात साबणाने धुवायचे, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी. पिण्याचं पाणी रटरटा उकळायचं. रुग्णाने आठवडा-दहा दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये. मुलाला कावीळ दिसल्यापासून आठवडाभर शाळेत पाठवू नये. खरं म्हणजे कावीळ दिसण्याआधीच्या दोन आठवड्यांत विषाणू सगळ्यात जास्त बाहेर पडत असतो, त्यामुळे वर्गात अजून कोणाला ताप-उलटी आहे का ते शिक्षकांना विचारा. एची लस मिळते, पण ती सरकारी लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते.

लागण झाल्यावर आजार दिसायला एला दोन ते सात आठवडे आणि ईला दोन ते आठ-नऊ आठवडे लागतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला जाऊन आल्यावर महिन्याने डोळे पिवळे झाले तर दोष काल खाल्लेल्या भज्यांचा नसतो, जत्रेतल्या पाण्याचा असू शकतो. एकाच गल्लीतल्या चार-पाच जणांना झाली तर आशाताईंना आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवा, कारण नळाची वाहिनी आणि गटार कुठेतरी एक झालेली असतात. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत यमुनेचं मैलामिश्रित पाणी शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तो हिपॅटायटिस ई होता हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

बी निघाला तर

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं की माणूस खचतो, आणि घरातले त्याचं ताट वेगळं करतात. ताट वेगळं करायची गरज नाही. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एका खोलीत झोपल्याने बी होत नाही. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरतो. न्हाव्याकडे नवं ब्लेड, जत्रेत गोंदण नाही, दवाखान्यात प्रत्येक वेळी नवी सुई. डाग द्यायची सळई आणि टोचायचा काटा तर चार हात दूरच.

आता पायऱ्या. आयजीएम अँटी-एचबीसी या तपासणीने लागण नवी की जुनी याचा अंदाज येतो. मोठेपणी लागण झालेल्या शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांचं शरीर विषाणूला बाहेर काढतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा राहतो. म्हणून सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करायचं. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर तो जुनाट समजायचा. मग विषाणू जोमात आहे का हे सांगणारी एचबीईएजी, विषाणूचं प्रमाण सांगणारी एचबीव्ही डीएनए, एसजीपीटी आणि यकृत किती कडक झालंय हे सांगणारी फायब्रोस्कॅन. या सगळ्यावरून औषध लागेल की नुसती नजर ठेवायची ते ठरतं. प्रत्येकाला औषध लागत नाही.

औषध म्हणजे टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर, रोज एक गोळी, बहुतेकांना वर्षानुवर्षं. बरं वाटतंय म्हणून मनाने बंद केलं तर विषाणू एकदम उसळतो आणि यकृत निकामी होऊ शकतं. औषध चालू असो वा नसो, तपासणीला दर सहा महिन्यांनी जायचंच. यकृत कडक झालेल्याने सोनोग्राफीही तेव्हाच करायची, कारण बीमुळे यकृताचा कर्करोग होतो. पुढे कधी कर्करोगाची औषधं किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घ्यायची वेळ आली तर आधी सांगा, “मला बी आहे.”

घरातल्या प्रत्येकाचं एचबीएसएजी करा. निगेटिव्ह आलेल्यांना लस द्या: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. देशभरच्या बालकांच्या लसीकरणात ही लस २०११ मध्ये आली, त्यामुळे आज मोठी असलेली बहुतेक माणसं लसीवाचून राहिलेली आहेत. गरोदर बाईची ही तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. ती पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि शक्यतो १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन मिळालं पाहिजे. बाळंतपणासाठी माहेरी जात असाल तर हा रिपोर्ट फाइलच्या सगळ्यात वर लावा. लस दिल्यावर बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही.

सी निघाला तर

ही एकच गोष्ट आनंदाने लिहावी अशी. हिपॅटायटिस सी आता पूर्ण बरा होतो. हा विषाणू १९८९ मध्ये सापडला आणि त्या कामासाठी २०२० चं नोबेल मिळालं. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आलं तर ती नुसती पावलाची खूण असते. विषाणू अजून आहे का हे एचसीव्ही आरएनएने कळतं. असेल तर सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर किंवा व्हेल्पाटास्व्हिर, बहुतेकांना १२ आठवडे. शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए पुन्हा करायचं, त्याशिवाय बरा झालो म्हणायचं नाही. याला लस नाही, आणि एकदा बरा झालेल्याला पुन्हा होऊ शकतो. २००१ च्या आधी रक्त चढवलेलं असेल, डायलिसिस चालू असेल, तर काही होत नसलं तरी एकदा तपासून घ्या.

कुठे जायचं, कागद कोणते

२८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. त्यात बी आणि सीच्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. बेळगावात आधी बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाची चौकशी करा. तिथे खिडकीवर मराठी समजलं नाही तर “कामणी आगैती” एवढं म्हणा, कावीळ झालीय हे समोरच्याला कळतं. दाखल व्हायची वेळ आली तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक कार्ड न्या. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांनाही लागू करण्याचा निर्णय घेतला. कोल्हापूरला जाणार असाल तर आपलं गाव यादीत आहे का आणि कुठला पुरावा लागतो ते आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला) दाखल होण्याआधी विचारा, नंतर धावाधाव होते. डिस्चार्ज कार्ड कानडीत असेल तर औषधांची नावं आणि पुढच्या तपासणीची तारीख तिथेच कोणाकडून तरी मराठीत लिहून घ्या.

“पण उतरवून घेतली तर काय बिघडतं?”

हे मला दर पावसाळ्यात ऐकावं लागतं. “दवाखान्याला कशाला जाऊलालाय, पहिला उतरून घ्या.” हातावर झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं. ते रस आणि चुना मिसळल्याने होतं. कावीळ नसलेल्या माणसाचे हात धुवून पाहा, तेवढंच पिवळं होईल. माळ लांब होते, कारण काड्या वाळून आकसतात आणि गाठी सैल पडतात. श्रद्धेने माळ घातली तर तिच्याशी माझं भांडण नाही. नाकात कडू रस पिळणं, डाग देणं आणि पोटात काय गेलं ते न सांगता औषध पाजणं, हे मात्र करू देऊ नका. आणि माळ घातलीच असेल, तरी त्याच दिवशी रक्त द्या.

मामा गेल्यावर मी मामींचं आणि तिन्ही मामेभावंडांचं रक्त स्वतः काढलं. मामी निगेटिव्ह, दोन भावंडं निगेटिव्ह, तिघांना लस दिली. धाकटा पॉझिटिव्ह निघाला. त्याला कधीही कावीळ झालेली नव्हती. तो टेनोफोव्हिर घेतो, द्राक्षाच्या बागेत दिवसभर राबतो, आणि दर सहा महिन्यांनी निपाणीहून एसटीने माझ्याकडे येऊन बाही वर करतो. परवा त्याची ट्यूब यंत्रातून काढली, वरचं पाणी फिकट होतं. एसजीपीटी २८. पुढची तारीख मी त्याच्या कार्डावर लिहून दिली.